हिरव्या फितीपासून पुढे

त्या कादंबरीकाराच्या एकवीस ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत, आणि त्या कुठून वाचायला घ्याव्यात यावर आमच्या घरात जेवढा वाद झाला तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. सगळ्या कादंबऱ्या एकाच राज्याच्या, दोनशे वर्षांच्या. लिहिल्या मात्र उलटसुलट. आधी नातवाची, मग आजोबांची, मधेच आरमाराची. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, यांचं म्हणणं असं की जो आधी जन्मला त्याच्यापासून सुरुवात करायची. वाचनालयातल्या बाई म्हणायच्या, लेखकाने जी आधी लिहिली ती आधी. आणि बाबांना विचारलं की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "आईला विचार. तिला सगळ्या सुरुवाती पाठ आहेत."

मी कधी विचारलं नाही. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते आणि बाकी जगातलं बरंच काही वाचते, पण या कादंबऱ्यांना मी 'घोड्यांची पुस्तकं' म्हणायचे. बाबांनी त्याचा राग मानला नाही. दर भेटीत एकदा, निघताना, "कधीतरी वाचून बघ गं," एवढंच. मीही दर वेळी "वाचेन की" म्हणायचे. असं वीसेक वर्षं चाललं. अडीच महिन्यांपूर्वी बाबा गेले.

बाबा पुस्तकबांधणी करायचे. घराच्या खालच्या खोलीत कारखाना. कारखाना म्हणजे एक लोखंडी दाबयंत्र, एक कटर, खळीचं पातेलं आणि कागदाच्या थप्प्या. वाचनालयाची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांची जाडजूड दप्तरं, हे त्यांचं काम. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायचं काम आईचं. सकाळभर ती सुईदोरा घेऊन शिवत बसायची. दीडला जेवण. दोनला बाबा हात धुऊन वर येत, आई खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसे, आणि तीन वाजेपर्यंत बाबा तिला मोठ्याने वाचून दाखवत. नवी कादंबरी आली की आधी ती उसवून, पुन्हा शिवून, निळ्या कापडात बांधून, दोन दिवस दाबात ठेवून, मगच वाचायला घ्यायची. नवी नसेल तेव्हा जुनीच पुन्हा पहिल्या पानापासून. एकोणचाळीस वर्षं.

आता दोन वाजले की आई कपाट आवरायची.

एकच कपाट. त्यातल्या घड्या काढायची, पुन्हा घालायची. ते संपलं की माळा. नवव्या आठवड्यात स्टुलावरून पडली आणि उजवं मनगट मुरगळलं. डॉक्टर म्हणाले, मोडलं नाही हे नशीब, पुढच्या वेळी नशिबाचं सांगता येत नाही. काकांनी मला फोन केला. "विदुषीबाई, तुमची पुस्तकं ठेवा बाजूला आणि या. वहिनी माझं ऐकत नाहीत. मी स्टूल उचलून माझ्या घरी आणलं तर त्या खुर्चीवर चढल्या."

मी पंधरा दिवसांची रजा टाकून आले. आईला माझ्याकडे यायचं नव्हतं, तो विषय पहिल्याच दिवशी संपला. दुसऱ्या दिवशी पावणेदोनला मी तिला म्हटलं, "मी वाचून दाखवू का?"

"तू?"

"हो."

"तुला नाहीत आवडत ती."

"तुझ्यासाठी वाचते ना."

"उपकार नकोत," आई म्हणाली. तिचा मनगटाला पट्टा बांधलेला हात कपाटाच्या कडीवर होता. मग, "कुठलं वाचणार?"

"तू सांग."

"मी कशाला सांगू? हे ठरवायचे."

एवढं बोलून ती खुर्चीत बसली नाही, पण कडीवरचा हात खाली आला. मला ते पुरेसं होतं. पंधरा दिवसांत तिला त्या खुर्चीत तासभर बसवायचं, आणि मी गेल्यावरही ती बसेल अशी काहीतरी व्यवस्था लावायची, एवढंच माझं काम. त्यासाठी योग्य पुस्तक शोधायचं. पुस्तक शोधणं हा तर माझा धंदा, असं मी मनाशी म्हटलं.

काका संध्याकाळी चौकटीच्या कागदाची गुंडाळी घेऊन आले. मोजणीखात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी एकवीसही कादंबऱ्या वर्षवार आखल्या होत्या, लढाया लाल शाईत, लग्नं निळ्या.

"ही बघ, इथून सुरू करायचं. मूळपुरुष."

"काका, ही त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिली ना? बाई म्हणत होत्या की म्हातारपणी लिहिलेली आहे, जरा रटाळ झालीय."

"बाईंना काय जातंय बोलायला. पाया आधी घालतात की कळस?"

हाच निरोप मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात पोचवला. बाईंनी कार्डांच्या पेटीतून मानही वर केली नाही. "त्यांना सांग, पाहुण्यांना घरात नेताना आधी पाया दाखवत नाहीत. दार दाखवतात. पहिली लिहिलेली घे."

मी दोन्ही वाचनालयातूनच घेतली, बाबांच्या प्रती खाली तशाच राहू दिल्या. आधी काकांची. आई खुर्चीच्या काठावर बसली, उठायला सोपं जाईल अशी. मी वाचायला लागले. दुसऱ्या पानावर एक स्वार नदी उतरत होता.

"आता घोडा लंगडेल," आई म्हणाली.

घोडा लंगडला.

"मग तो एका सुताराच्या घरी उतरेल. सुताराची बायको त्याला ओळखेल, पण बोलणार नाही."

मी पुढचं पान उलटून पाहिलं. सुतार होता. बायको होती. बोलली नव्हती.

"ऐकलंय हे," आई म्हणाली आणि कपाटाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंची. "म्हातारा पत्र जाळणार बघ. पण अर्धंच जळतं." तिसऱ्या दिवशी आरमाराची. "तो पोरगा डोलकाठीवर चढतो, त्याचं नाव खोटं आहे." चौथ्या दिवशी थोरल्या राणीची, पाचव्या दिवशी सहा पुस्तकं एकामागून एक, प्रत्येकाचं फक्त पहिलं पान. आईने सगळी ओळखली. काही वाक्यं तर बाबांच्याच चालीवर म्हणून दाखवली, शेवटच्या शब्दाआधी थांबून. मी तोंडात बोट घालून ऐकत राहिले. घरात एवढी मोठी जाणकार आहे आणि आपल्याला पत्ताच नाही!

"आई, मग तुझी आवडती कुठली?"

"सगळ्याच चांगल्या आहेत."

"शेवट कुठल्याचा चांगला आहे?"

"शेवट..." आई घडीवरची न दिसणारी सुरकुती मोडत होती. "शेवट छान आहेत सगळ्यांचे."

"राणीच्या कादंबरीचाही?"

"हो. गोड आहे."

काकांच्या तक्त्यावर राणीच्या कादंबरीच्या टोकाला लाल शाईत भला मोठा ठिपका होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'सगळे ठार'.

मी खाली कारखान्यात गेले. कारखाना अजून कुणी आवरला नव्हता. दाबयंत्रात एक दप्तर तसंच होतं. वरच्या फळीवर निळ्या एकवीस प्रती ओळीने. मी त्या एकेक करून टेबलावर घेतल्या. प्रत्येकीला दोन फिती होत्या, एक तांबडी आणि एक हिरवी. वाचनालयाच्या पुस्तकांना बाबा एकच फीत लावायचे, ती सुद्धा बाईंनी आग्रह केला तर. घरच्या प्रतींना मात्र दोन. मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि ती एक सजावट आहे असं धरून चालले होते.

तांबड्या फिती बहुतेक शेवटच्या पानापाशी होत्या. वाचून संपलेलं पुस्तक. हिरव्या मात्र सगळ्या सुरुवातीच्याच पानांत कुठेतरी. पान चौतीस. पान एक्केचाळीस. पान अठ्ठावीस. एकही पन्नासच्या पुढे नाही. आणि फीत जिथे होती तिथे समासात, शिसपेन्सिलीने, बारीक टिंब. काही ठिकाणी दोन-तीन टिंबं, थोड्या थोड्या अंतरावर, आणि फीत सगळ्यात पुढच्या टिंबापाशी. कुणीतरी दर वेळी आधीच्यापेक्षा जरा पुढे पोचल्यासारखी.

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला समासातल्या खुणा वाचायला दुभाषी लागत नाही. मी तीन पुस्तकं उचलून वर आले.

"आई, ही हिरवी फीत कशाची?"

"दोन फिती ही त्यांची हौस. मी म्हणायचे सुद्धा, कशाला उगाच."

"एक्केचाळीसाव्या पानावर काय होतं?"

"मला काय माहीत?"

"तुला पाठ आहे ना सगळं?"

आईने हातातली घडी खाली ठेवली. मग तिने पुस्तक डाव्या हाताने घेतलं, टिंब पाहिलं, दुसरं पुस्तक घेतलं, त्यातलं टिंब पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. मी घाबरलेच.

"झोप लागायची गं," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज. जेवण झालेलं, सकाळपासून शिवून मान धरलेली, त्यात त्यांचा तो आवाज. नवं पुस्तक असलं की दोन-चार दिवस ऐकायचे मी, मन लावून. मग माणसं वाढायची. एका घराण्यात एकाच नावाचे तीन तीन. डोळा लागायचा. पुस्तक मिटल्याचा आवाज आला की जाग यायची."

"मग?"

"मग काय! 'छान होतं' म्हणायचे. पुन्हा तेच पुस्तक पहिल्यापासून घेतलं की, ऐकलेलं तेवढं ओळखीचं असायचं, जरा पुढे पोचायचे, की पुन्हा झोप." तिने पुस्तक फटकन मिटलं. "एकोणचाळीस वर्षं मी 'छान होतं' म्हणत होते आणि या माणसाला माहीत होतं!"

"तरीच मला सांगायचे, आईला सगळ्या सुरुवाती पाठ आहेत."

"असं म्हणायचे?"

"दर वेळी."

"आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत!" आई उभी राहिली. आई खरोखर चिडली होती. अडीच महिन्यांत ती रडली होती, गप्प बसली होती, पाहुण्यांना चहा विचारत हिंडली होती, पण चिडली नव्हती. "टिंबं काढतात! बायको घोरतेय आणि हे टिंबं काढतायत! उठवायचं नाही का? शिवली सगळी मी, फर्मा न् फर्मा माझ्या हाताखालून गेलाय, आणि वाचलं एकही नाही. कोणाला सांगायचं हे?"

"वाचनालयातल्या बाईंना सांगू नकोस."

आई हसली. मग खाली बसली आणि पट्ट्याच्या हाताने डोळे पुसले, आणि पुन्हा हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक भांडं विसळलं.

परत आले तेव्हा ती म्हणाली, "सगळी आण वर."

तीन खेपांत मी एकवीस पुस्तकं आणली. आई प्रत्येकाची हिरवी फीत उघडून पानाचा आकडा मोठ्याने सांगायला लागली. अठ्ठावीसला "हं", एक्केचाळीसला "बघ, जागी होते की." एका पुस्तकात तांबडी फीत शेवटी नव्हती, दोनशे बाराव्या पानावर होती. तिने ते मिटलं आणि वेगळं, आपल्या उशाशी ठेवलं. ते आम्ही कुणी उघडणार नव्हतो. निदान इतक्यात नाही.

मग एक पुस्तक हातात घेऊन ती एकदम म्हणाली, "नऊ?"

"काय?"

"नवव्या पानावर झोपले मी? नऊ पानांत? कुठलं आहे हे?"

किल्लेदाराची कादंबरी. सगळ्यात जास्त खपलेली. वाचनालयाची तिची प्रत बाबांनी चार वेळा बांधून दिली होती. अगदी काका आणि बाई या दोघांचंही ज्या एका पुस्तकाबद्दल एकमत होतं ते हेच.

"जगाची झोप उडवणारं पुस्तक," मी म्हटलं, "आणि तू नऊ पानांत गारद."

"हसू नकोस. तुझ्यामुळेच. हे पहिलंच, जे त्यांनी मला वाचून दाखवलं. तू तीन महिन्यांची होतीस, रात्रभर गाणं चालायचं तुझं. नऊ पानं ऐकली तीच खूप." तिने पान नीट पाहिलं. "नंतर हे काढलं की मीच म्हणायचे, ते नको, दुसरं घ्या. त्यातलं काहीच आठवायचं नाही, आणि सांगायची लाज वाटायची."

"मग कुठून सुरू करायचं?"

"हे काय विचारणं झालं? नवव्या पानापासून."

"आई, मी तर ती नऊ पानंही वाचलेली नाहीत."

"मग वाच पहिल्यापासून. मी काय कुठे पळून जातेय?"

पुढचे आठ दिवस आम्ही दोन ते तीन, मग दोन ते साडेतीन, मग एकदा चहा गार होईपर्यंत वाचत होतो. मला ते पुस्तक कसं वाटलं हे प्रामाणिकपणे सांगते. विशेषणं फार आहेत. पहाट नुसती होत नाही, तिला दर वेळी काहीतरी नेसवलेलं असतं. माझ्या हाती मुद्रितं आली असती तर तिसरा भाग कापला असता. आणि तरी वेढा पडला, दारूगोळा संपत आला, किल्लेदाराच्या बायकोने धान्याच्या कोठीची किल्ली त्याच्याकडे मागितली आणि त्याने ती दिली नाही, तेव्हा मी पान उलटायच्या आधी श्वास घेतला. आई म्हणाली, "थांबलीस का?"

आईला झोप आली नाही. ती वाद घालत होती. "त्याने आत्ताच दार उघडावं. लोकं उपाशी मरतायत." "हा फितूर आहे, सांगते मी तुला. बोलणं बघ कसं साखरेसारखं." एकशे त्रेचाळीसाव्या पानाच्या कोपऱ्यावर खळीचा वाळलेला ठसा होता, अंगठ्याचा. मी तिथे पाणी प्यायला उठले. आईने काय झालं म्हणून विचारलं नाही. तिने ते पान माझ्या आधी पाहिलं असावं.

काका रोज संध्याकाळी येऊन आम्ही कुठवर आलो ते विचारायचे आणि पुढचं सांगायला तोंड उघडायचे. आई म्हणायची, "भाऊजी, एक शब्द बोललात तर चहा मिळणार नाही."

रजा संपली तेव्हा शंभरएक पानं उरली होती. मी ठरवलं की रोज दोनला फोन करायचा आणि फोनवर वाचायचं. वाचनालयाची प्रत बाईंकडून मागून घेतली. बाईंनी मला कार्डावर सही करायला लावली आणि म्हणाल्या, "शेवटी दारातूनच आत गेलीस ना?" त्यांचा हिशेब मला समजला नाही, पण मी हो म्हटलं.

आईला सांगितलं, "दोनला खुर्चीत बस. फोन जवळ ठेव. मी आले की सुरू करू."

"तुझी कामं नसतात का?"

"जेवायची सुट्टी असते."

"मग जेव की."

"वाचत वाचत जेवेन."

पहिल्या दिवशी दोनला मी कचेरीच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर बसून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सव्वादोनला पुन्हा. मांडीवर पुस्तक उघडं, हातातली पोळी तशीच, आणि डोळ्यांसमोर माळ्याखाली ओढलेली खुर्ची. मी काकांना फोन केला.

"निघालोच," ते म्हणाले. त्यांच्या चपलांचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

आठ दिवस मी समजत होते की काम झालं. तिला बसवलं, पुस्तक सापडलं, व्यवस्था लागली. जिन्यात बसून मला दिसायला लागलं की व्यवस्था कसली, मी फक्त माझा आवाज तिथे ठेवला होता आणि तो बरोबर घेऊन आले होते. जिन्यावरून हिशेबखात्यातला एकजण वर जाता जाता म्हणाला, "तीनला मीटिंग आहे, लक्षात आहे ना?" मी मान हलवली.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. आई.

"मेला गं तो!"

"कोण? काका कुठे आहेत? तू पडलीस का?"

"मी कशाला पडेन? किल्लेदार मेला! आणि दार उघडल्यावर मेला! आधी उघडलं असतं तर वाचला नसता का?"

"आई, फोन का नाही उचललास?"

"वाचत होते. अकरापासून बसलेय. सकाळी म्हटलं, एक पान बघावं, तू वाचशील तेव्हा सोपं जाईल. मग सुटेना. फोन वाजला तेव्हा ती बायको किल्ली घेऊन खाली निघाली होती, कसा उचलणार?"

"जेवलीस?"

"नंतर जेवेन. ऐक, ती किल्ली घेऊन खाली जाते ना..."

"सांगू नकोस! मी वाचलेलं नाही पुढचं!"

"दोनशे नव्वद पानं वाचलीस की तू."

"उरलेली शंभर नाही वाचली!"

"मग वाच. पण एवढं ऐक, तुला नंतर आठवण राहावी म्हणून," आणि तिने सांगितलं. मी कानावर हात ठेवायचा म्हटलं तरी कानाला फोन होता. कोठीत काय होतं ते तिने सांगितलं, फितूर कोण ते सांगितलं ("मी म्हटलं नव्हतं?"), शेवटच्या रात्री बायको काय म्हणाली ते दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना शेवटच्या शब्दाआधी थांबली. मी पोळी खाल्ली. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

मधेच तिकडे दार वाजलं. काकांचा धापा टाकणारा आवाज आला. "वहिनी! ठीक आहात ना? ही पोरगी मला..." मग बहुधा त्यांना तिच्या हातातलं पुस्तक दिसलं. "वाचलंत? संपवलंत? आता बघा वहिनी, किल्लेदाराचा निर्णय तुम्ही कालक्रमानं पाहिलात तर..."

"भाऊजी, मला शिकवू नका," आई म्हणाली. "मी वाचलंय ते."

तीन वाजले होते. वर मीटिंगसाठी खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मी फोन तसाच कानाशी धरून बसले. ते दोघे भांडत होते आणि कुणालाच मी अजून तिथे आहे याची आठवण नव्हती.